मूस म्हणजे काय, काका?

गेल्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेची मुद्रिते तपासण्याचे काम आमच्याकडे आले होते. घरी निवांतपणा मिळत नाही म्हणून ती पाने आम्ही रविवारच्या मराठी शाळेत नेली, आणि मुले शुद्धलेखन लिहीत असताना एका कोपऱ्यात बसून तपासू लागलो. पहिल्याच पानावर मंडळाचे हेतू छापलेले असतात. त्यातला तिसरा हेतू वर्षानुवर्षे तोच आहे : 'पुढील पिढीला मराठी संस्कृतीच्या मुशीत घडवणे.' आमच्या खांद्यावरून वाचणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "काका, मूसमध्ये मुलांना कसं घडवतात?" आणि तिने वहीच्या समासात भल्या मोठ्या शिंगांचा, मेन राज्यातल्या जंगलात असतो तसा प्राणी काढून दाखवला. तिच्या भावाचे म्हणणे पडले की हा तो मूस नव्हे, हा चॉकलेटचा, गोड, वाटीत देतात तो मूस.

वर्ग हसला, आम्हीही हसलो. मग उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा म्हणालो, "मूस म्हणजे साचा." शेजारी बसलेले आमचे एक ज्येष्ठ सभासद तत्काळ म्हणाले, "साचा कसला? सोनार सोनं आटवतो ती मूस. आमच्या आळीत रोज बघत होतो." एका खोलीत दोन मोठी माणसे आणि एका शब्दाचे दोन अर्थ! वास्तविक रसायनाच्या प्रयोगशाळेत आमची रोज मुशीशी गाठ असते. शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकात चिनी मातीच्या त्या चिमुकल्या भांड्याच्या चित्राखाली 'मूस' असेच छापलेले होते. पण त्या मुलीला सरळ उत्तर देता आले नाही ही गोष्ट खरी. ते लागून राहिले, आणि त्यातून हा लेख झाला. कोणाला तो लांबलेला वाटला तर दोष त्या मुलीला द्यावा.

प्रथम शब्दकोश. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) आणि त्याच्या शंभर वर्षे आधीचा मोल्सवर्थसाहेबांचा कोश (१८३१), दोन्हीत मूस आहे. जुन्या कोशांची साक्ष घेतली तर आमच्या वर्गातली दोन्ही मोठी माणसे बरोबर ठरतात. धातू आटवायचे भांडे तीही मूस, आणि धातू ओतायचा साचा तीही मूस. आता रसायनवाल्याला हे चमत्कारिक वाटते. ज्यात वितळते आणि ज्यात गोठते, त्या दोन वस्तूंना एक नाव कसे? एक भांडे आकार मोडते, दुसरे आकार देते. इंग्रजीत या दोहोंना अगदी वेगळे शब्द आहेत. मराठीने मात्र दोन्ही कामे एकाच शब्दाला लावली. (मुलांच्या माहितीसाठी व्याकरण : मूस, मुशीत, जशी म्हैस, म्हशीत.)

मूळ संस्कृत शब्द 'मूषा'. अमरकोशात तो आहे, आणि अर्थ धातू आटवण्याचे पात्र असाच आहे. म्हणजे आटवण्याचा अर्थ आधीचा, ओतण्याचा नंतरचा. पण गंमत अशी की संस्कृत कोशांत मूषा आणि मूषक, म्हणजे आपल्या गणपतीचे वाहन, हे शेजारीशेजारी बसलेले असतात. मूषकाचे नाते 'मुष्' म्हणजे चोरणे या धातूशी लावतात. उंदीर हा घरातला चोरच. इंग्रजीतला माउस आणि लॅटिनमधला 'मूस' हे त्याचेच दूरचे भाऊबंद, आणि भोजपुरी माणसाला तुम्ही 'मूस' म्हणालात तर तो आजही पायाखाली उंदीर शोधील. मग भांड्याचा चोरीशी काय संबंध? याचे उत्तर रसशास्त्राच्या एका जुन्या ग्रंथाने, 'रसरत्नसमुच्चया'ने, देऊन ठेवले आहे. मूषेच्या वर्णनाच्या आरंभीच तो सांगतो की धातूतले दोष ती चोरते, म्हणून तिला मूषा म्हणायचे. व्युत्पत्ती म्हणून हे कितपत टिकेल ते भाषेच्या पंडितांनी पाहावे. पण मुशीचे काम ज्याने रोज पाहिले आहे त्यालाच असे सुचेल. अशुद्ध सोने टाकणखाराबरोबर आटवले की हिणकस भाग मळीत जातो, थोडा मुशीच्या अंगाला चिकटतो, आणि तळाशी सोन्याची गोळी उरते. दोष गेले कुठे? मुशीने चोरले.

मात्र मूस नेहमी दोषच चोरते असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनारांवर देखरेख कशी ठेवावी याचे एक प्रकरण आहे. त्यात सोने लंपास करण्याच्या युक्त्यांची यादी दिली आहे, आणि त्या यादीत 'मूकमूषा' आहे. मुकी मूस! म्हणजे तळाशी चोरकप्पा असलेली. गिऱ्हाईक समोर बसलेले, डोळ्यांत तेल घालून पाहते आहे, आणि त्याच्या देखत सोन्याचा काही अंश कप्प्यात उतरतो. मूस बोलत नाही म्हणून ती मुकी. आम्हाला हा शब्द फार आवडला. हेही लक्षात येते की अर्थशास्त्राच्या काळी मुशीचा व्यवहार इतका रुळलेला होता की त्यातल्या फसवणुकीलाही स्वतंत्र नाव होते. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची माती गोळा करून, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरी होते. त्यांच्या पोटापाण्याची सोय याच सांडासांडीवर झाली.

आता पुन्हा रसरत्नसमुच्चयाकडे. हा ग्रंथ तेराव्या-चौदाव्या शतकातला मानतात. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने तो १८९० मध्ये छापला, आणि बंगालमध्ये प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला (पहिला खंड १९०२) तेव्हा हा ग्रंथ त्यांच्या मुख्य आधारांपैकी एक होता. त्यातल्या एका अध्यायात मुशींचे वर्णन दिलेले आहे. वज्रमूषा, योगमूषा, वर्णमूषा, गोलमूषा, मल्लमूषा अशी नावे एकामागून एक येतात. एक गाईच्या सडासारखी म्हणून गोस्तनी, एक बेडकाच्या आकाराची म्हणून मंडूकमूषा. 'वह्निमित्र', म्हणजे अग्नीचा मित्र, असेही एक नाव मुशीला आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या कॅटलॉगात भांड्यांना नुसते क्रमांक असतात, ते या नावांपुढे फारच रुक्ष वाटतात.

माती कशी घ्यायची तेही दिले आहे. ती चिकट पण टिकाऊ हवी, आणि तिच्यात कोळसा, शण, घोड्याची लीद आणि भाताचे जळके तूस घालून खूप कुटायचे. वाचताना हे स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्याचे मिश्रण वाटते, पण प्रत्येक वस्तूला कारण आहे. शण आणि लीद यांचे धागे ओल्या मातीला वाळताना तडकू देत नाहीत, आणि पुढे जळून गेल्यावर बारीक छिद्रे ठेवतात. त्यामुळे एकदम तापवले तरी भांडे फुटत नाही. भाताच्या तुसाची राख जवळजवळ सगळी सिलिका असते, म्हणजे तीव्र उष्णतेला दाद न देणारी. आणि तुसातला व मातीतला कोळसा आतल्या हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, धातूला जळू देत नाही. दक्षिणेत पोलाद बनवण्याच्या ज्या जुन्या मुशी सापडल्या त्यांच्या मातीतही भाताचे तूस आहे. तूस आणि मूस ही जोडी नुसती यमकाची नाही तर!

या यादीतली एक मूस मुद्दाम सांगण्यासारखी आहे : वृंताकमूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची. पोट वांग्यासारखे गोल आणि देठाच्या जागी लांब नळी, नळीचे तोंड धोत्र्याच्या फुलासारखे पसरट. ही कशासाठी? रसक, म्हणजे आपली कलखापरी, तिच्यातून 'सत्त्व' काढण्यासाठी. कलखापरीत हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, काजळी, टाकणखार असे पदार्थ मिसळून तापवायचे, आणि निळी ज्वाला पांढरी झाली की समजायचे वेळ आली. मग कथलासारखे चकचकीत सत्त्व मिळते. हे सत्त्व म्हणजे जस्त. हळद-त्रिफळा वाचून काही लोक याला जादूटोणा म्हणतील. आम्हाला मात्र त्यात कोळसा दिसतो, कारण तापल्यावर त्या साऱ्यांचा कोळसाच होतो आणि तोच जस्ताच्या खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. निळी ज्वाला कार्बन मोनॉक्साइडची. जस्ताची वाफ येऊ लागली की ती जळून पांढरा धूर होतो, म्हणून ज्वाला पांढरी. लिहिणाऱ्याने ज्वालेकडे टक लावून पाहिले होते यात शंका नाही.

अडचण अशी की जस्त ९०७ अंशांना उकळते, आणि खनिजातून ते सुटते त्याहूनही जास्त तापमानाला. म्हणजे ते जन्मतःच वाफेच्या रूपात असते. उघड्या मुशीत केले तर हाती काहीच लागत नाही, सगळे उडून जाते. म्हणून वांग्याचे पोट आणि खाली वळवलेली नळी. वाफ नळीत उतरते, गार होते, थेंब पडतात. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे १९८० नंतरच्या दशकात बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, हिंदुस्तान झिंक आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून उत्खनन केले, तेव्हा भट्ट्याच सापडल्या. एकेका भट्टीत ३६ मुशी उलट्या उभ्या केलेल्या, आकार वांग्याचा. गावात तर वापरून टाकलेल्या मुशींच्याच भिंती रचलेल्या होत्या. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. ग्रंथातला एक विचित्र शब्द आणि राजस्थानातल्या खेड्यातली भिंत यांची अशी गाठ पडली.

इथपर्यंत मूस म्हणजे आटवण्याचे भांडेच. साच्याचा अर्थ कुठून आला? यासाठी आम्ही कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात जाऊ. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातले बसवकल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांना तो वेगळ्या कारणाने माहीत आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात याचा उल्लेख त्यात आहे, आणि मराठीचे फार जुने नमुनेही आहेत. त्याच ग्रंथात मूर्ती ओतण्याची कृती आहे. आधी मेणाची मूर्ती करायची. तिच्या पाठीला, खांद्याला किंवा मुकुटाला धोत्र्याच्या फुलासारख्या नळ्या लावायच्या (पुन्हा धोत्रा!). मग बारीक मातीत जळके तूस, कापूस आणि मीठ मिसळून तिचे तीन लेप द्यायचे. वाळल्यावर तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत रस ओतायचा. धातू आटवायची मूस नारळाच्या आकाराची सांगितली आहे.

या कृतीतला आम्हाला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे हिशेब. धातू किती घ्यायचा? मेण आधी तोलून ठेवायचे. पितळ किंवा तांबे असेल तर मेणाच्या दहापट (आठपटही सांगितले आहे), चांदी बारापट, सोने सोळापट. एका रविवारी दुपारी आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. मधमाशीच्या मेणाची घनता सुमारे ०.९६, तांब्याची ८.९६. म्हणजे तेवढीच जागा भरायला तांबे मेणाच्या ९.३ पट लागते. पितळ ८.५ धरले तर ८.९ पट. चांदी १०.५, म्हणजे जवळजवळ ११ पट. ग्रंथातले दहा आणि बारा हे आकडे यांच्यावर शेकडा सात ते बारा जास्त बसतात. तेवढी तूट-घट ओतताना होतेच. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी घनता शब्दाशिवाय घनतेचे कोष्टक पाठ होते. सोन्याचे मात्र जमत नाही. शुद्ध सोने १९.३, म्हणजे वीसपट पाहिजे. सोळापटीत साचा पाचवा हिस्सा रिकामा राहील, मूर्तीला डोके येणार नाही. मग? अठरा कॅरटच्या आसपासच्या मिसळीची घनता साडेपंधरा येते, आणि तिला सोळापट बरोबर पुरते. शुद्ध सोने मऊ पडते, म्हणून मिसळीचे घेत असावेत असा आमचा कल आहे. मूकमूषा आठवून कोणी वेगळा अर्थ काढला तर त्यालाही आम्ही अडवणार नाही.

आणि आता ज्ञानेश्वरी. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ती पूर्ण झाली. मानसोल्लासानंतर सुमारे दीडशे वर्षांनी. सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी झाल्यावर योग्याच्या देहाचे काय होते याचे वर्णन आहे. तिथे माउली सांगतात की मुशीतले मेण निघून जाते आणि मग ती ओतलेल्या रसानेच कोंदून राहते. तसे शरीराच्या आकाराने ते तेजच उतरते, वर फक्त कातडीचा पदर. वाचून आम्ही थांबलो. शाळेत हा भाग कोणी शिकवला नाही, आणि घरी पारायणात तो चटकन निघून जात असे. इथे मूस म्हणजे सरळ सरळ साचा आहे, आणि तोही मेण काढून ओतण्याच्या पद्धतीचा. श्रोत्यांना हे समजावून सांगावे लागलेले नाही. ऐकणाऱ्यांनी ओताऱ्याचे काम पाहिलेले होते हे गृहीत धरूनच ती उपमा आली आहे. नेवासे प्रवरेच्या काठी, आणि त्याच प्रवरेच्या काठी दायमाबाद. तिथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला जमिनीत हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशी चार ओतीव चित्रे सापडली, मिळून ६० किलोंहून अधिक वजनाची. त्यांचा काळ कोणता यावर विद्वानांचा वाद आहे, आणि त्या वादात तांब्यातल्या आर्सेनिकचे प्रमाण हाही एक मुद्दा आहे. तो वाद काहीही ठरो, त्या काठी धातू ओतणे ही नवी गोष्ट नव्हती.

आटवण्याची मूस साच्याची मूस कशी झाली याचे आमचे उत्तर असे. बस्तरमध्ये आणि चंद्रपूरच्या पलीकडे आदिलाबादकडे आजही मेण काढून पितळेची चित्रे ओततात. त्यांच्यातल्या एका पद्धतीत आटवायचे भांडे वेगळे नसतेच. मातीच्या साच्यालाच वर एक मातीची वाटी जोडतात, तिच्यात पितळेचे तुकडे भरून ती मातीने लिंपून टाकतात, आणि सगळे मिळून भट्टीत घालतात. धातू वितळला की अख्खी वस्तू उलटी करतात, आणि रस आपोआप खालच्या पोकळीत उतरतो. जिथे आटते तिथेच ओतले जाते. भांडे आणि साचा एकाच मातीचे, एकाच लेपातले, एकाच आगीतले. अशा कामाला दोन शब्द कशाला लागतील? याला पुरावा म्हणता येणार नाही, पण शब्द हा कारागिराच्या हातून फिरतो, कोशकार नंतर येतो, एवढे मात्र आम्हाला पटते.

संतवाङ्मयात पुढे या नामाचे क्रियापदही झालेले दिसते : मुसावणे. रस मुशीत उतरून आकाराला येणे असा त्याचा अर्थ. निराकार परब्रह्म विटेवर आकाराला आले हे सांगायला याहून नेमका शब्द ओताऱ्याच्या दुकानाबाहेर सापडला नसता. आज ते क्रियापद गेले. मुशीतली मूसही गेली, कारण बागेसरीवर फुंकणीने फुंकर घालत बसलेला सोनार आता किती जणांना दिसतो? उरली ती भाषणातली 'मुशीत घडलेले'. अमक्या शाळेच्या मुशीत, तमक्या चळवळीच्या मुशीत. हे सारे साच्याचेच अर्थ, आणि तेही अशा साच्याचे की ज्यातून एकासारखी एक वस्तू निघत राहावी.

आपण ज्या देशात राहतो त्यानेही एक मूस मांडलेली आहे हे विसरून चालणार नाही. इझ्रायल झँगविल या लंडनच्या ज्यू लेखकाचे 'द मेल्टिंग पॉट' हे नाटक ऑक्टोबर १९०८ मध्ये वॉशिंग्टनला प्रथम रंगले, आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः पाहायला हजर होते. रशियातल्या कत्तलीत घरचे सगळे गमावून न्यूयॉर्कला आलेला एक तरुण संगीतकार त्याचा नायक. अमेरिका म्हणजे परमेश्वराची मूस, तिच्यात युरोपातले सारे वंश आटतील आणि नवा माणूस निघेल, असा त्याचा विश्वास. नाटक आज फारसे कोणी करत नाही, पण त्याचे नाव भाषेत कायमचे राहिले. डेट्रॉइटजवळ हेन्री फोर्डच्या कारखान्यात परदेशी कामगारांना इंग्रजी शिकवण्याची शाळा १९१४ मध्ये निघाली. तिच्या पदवीदान समारंभात १९१६ च्या सुमारास हे रूपक अक्षरशः रंगमंचावर आणले गेले. एक प्रचंड भांडे ठेवले होते. आपापल्या देशाचे कपडे घातलेले कामगार एका बाजूने त्यात उतरायचे, मास्तर मोठमोठ्या पळ्यांनी ते ढवळायचे, आणि दुसऱ्या बाजूने तेच कामगार अमेरिकन सूट घालून, हातात छोटे झेंडे घेऊन बाहेर यायचे.

रसायनवाला म्हणून आमची तक्रार अशी की हे आटवणे नव्हे. आटवण्याच्या मुशीतून कपडे घालून कोणी निघत नाही. निघते ती नुसती गोळी, आणि तिचा पुढे दागिना व्हायचा की भांडे हे ठरायचेच असते. फोर्डसाहेबांनी भांड्याचे नाव घेऊन साच्याचे काम केले, आणि साचाही एकाच मापाचा. हे वाचून आम्हाला हसू आले. मग आमच्याच स्मरणिकेतला तिसरा हेतू आठवला, आणि हसू थोडे कमी झाले. मुलांना मुशीत घडवायचे म्हणतो तेव्हा आपल्या मनातले चित्र त्या समारंभापेक्षा फार वेगळे असते का? फक्त सूटाच्या जागी झब्बा, आणि झेंड्याच्या जागी लेझीम.

ज्ञानेश्वरीतली मूस यातली नाही. ज्याने मेण काढून ओतलेले काम पाहिले आहे त्याला माहीत असते की ही मूस एकदाच वापरता येते. आतली मूर्ती बाहेर काढायची तर वरची माती फोडावीच लागते. दुसरी मूर्ती करायची तर पुन्हा नवे मेण, पुन्हा नवी माती. म्हणून अशा दोन मूर्ती कधी हुबेहूब सारख्या नसतात. बस्तरच्या दोन हत्तींकडे बारकाईने पाहा, सोंडेचा बाक वेगळा असतो. हे आम्ही कार्यकारिणीच्या बैठकीत सांगितले आणि तिसऱ्या हेतूचे शब्द बदलावेत असे सुचवले. चर्चा तासभर चालली. 'संस्कारांच्या सावलीत' असा एक पर्याय पुढे आला, तो आम्हालाच आवडला नाही. मघाशी उल्लेखलेले ज्येष्ठ काका म्हणाले, "शब्द चांगला आहे, राहू द्या. मुलांना मूस दाखवा म्हणजे झालं." ठराव त्यांच्या बाजूने गेला, आणि तेच बरे झाले असे आता वाटते.

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही प्रयोगशाळेत मोडीत निघालेली चिनी मातीची एक मूस वर्गात नेली. ती हातोहात फिरली. शिंगे काढणाऱ्या मुलीने ती तळहातावर ठेवली, आत डोकावून पाहिले, आणि म्हणाली, "एवढीशीच? यात तर मी मावणार नाही."

पालकांना विनंती : येत्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मराठी शाळा एक तास जास्त चालेल. प्रत्येक मुलाने मेणाचा, अंगठ्याएवढा एक प्राणी करून आणावा. वाढदिवसाच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे चालतील. माती आम्ही देऊ, तूस मात्र मिळाले नाही, लाकडाच्या भुशावर भागवू. साचे आदल्या आठवड्यात लिंपून भाजून ठेवायचे असल्याने प्राणी दुसऱ्या रविवारीच आणून द्यावेत. कथील २३२ अंशांना वितळते, तेव्हा मोठी भट्टी लागणार नाही; शिसे आम्ही वापरणार नाही. चर्चच्या तळघरात शेगडी पेटवायला परवानगी नाही, म्हणून ओतण्याचे काम मागच्या पार्किंगमध्ये होईल. मुलांनी सुती कपडे आणि बंद बूट घालून यावे, आणि दोन पालकांनी पाण्याच्या बादल्यांपाशी उभे राहावे. साचे फोडायला हातोड्या कमी आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी घेऊन याव्यात.